अंगावरचे वस्त्र आणि रस्त्याचा हक्क

(वर्षावासानिमित्त एका विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी कायद्याचा एखादा रुक्ष विषय घेऊन उभा राहीन, अशी आपली अपेक्षा असावी. परंतु अलीकडे ज्या नवदीक्षित कुटुंबांशी माझा संबंध आला, त्यांपैकी बहुतेक घरांतील वडीलधाऱ्यांनी माझ्याजवळ एकच गाऱ्हाणे मांडले. शहरात शिकणाऱ्या अथवा नोकरी करणाऱ्या मुलांची वेशभूषा त्यांना पसंत नाही. कानांवरचे केस भादरलेले, विजार घोट्याशी आवळलेली, डोळ्यांवर काळा चष्मा, पायांत पांढरेशुभ्र बूट. आणि मुलगी तर जीन्स घालून महाविद्यालयात जाते! आपण बुद्धाचा धम्म स्वीकारला तो साधेपणाने राहण्यासाठी की मिरवण्यासाठी, असा त्यांचा प्रश्न आहे. या प्रश्नाच्या आड दुसरा एक प्रश्न दडलेला असतो आणि तो सहसा मोठ्याने विचारला जात नाही. हाच मुलगा याच वेषात सुटीला गावी गेला तर त्याचे काय होईल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे आणि दुसऱ्याचे कायद्यात. वकिलाने पोशाखावर बोलावे हे तसे गमतीचेच. कारण माझा काळा डगला आणि गळ्यातील पांढऱ्या फिती मी निवडलेल्या नाहीत, त्या नियमाने माझ्यावर घातलेल्या आहेत. परंतु आपल्या पूर्वजांच्या अंगावर जे घातले गेले होते, तेही नियमानेच घातले गेले होते.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय पाहा. चांडाळाने आणि श्वपचाने गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत आणि प्रेतावरची वस्त्रे पांघरावीत, अशी तेथे आज्ञा आहे. कापड कोणते हे दारिद्र्य ठरवीत नव्हते, ते शास्त्र ठरवीत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले, आणि जे त्यांना करू दिले गेले नाही, त्यात पेशवाईतील पुण्याचे वर्णन आहे. अस्पृश्याने मनगटात वा गळ्यात काळा दोरा बांधावा, कमरेला झाडू बांधावा, गळ्यात मडके अडकवावे. हाच त्याचा पोशाख. त्याच भाषणात इंदूर भागातील बलाई लोकांची १९२८ सालची हकीकत आहे. बलाई पुरुषांनी जरीकाठी पागोटे घालू नये, रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये, त्यांच्या स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, असे तेथील सवर्णांनी फर्मावले आणि बलाई ते मानीनात तेव्हा त्यांचे जगणे अशक्य केले.

वकील म्हणून या फर्मानाकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. जे कोणी करीतच नाही, त्यावर बंदी घालण्याचे कोणाला कारण पडत नाही. बलाई लोकांनी रंगीत काठाचे धोतर नेसायला आरंभ केला होता, म्हणूनच ते फर्मान निघाले. मनाईचा प्रत्येक कागद हा कोणीतरी केलेल्या धैर्याचा पुरावा असतो.

आपल्याकडील असे धैर्य महाडचे. १९२७ च्या डिसेंबरात सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी तेथे जमलेल्या आपल्या माताभगिनींपुढे भाषण केले. त्या काळी अस्पृश्य स्त्रीला लुगडे गुडघ्याच्या आसपास आखूड नेसावे लागे आणि गळ्यात-हातांत जड कथलाचे वा चांदीचे दागिने असत. ही नेसण अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, असे त्यांनी सांगितले. चित्रे आणि टिपणीस या कायस्थ कुटुंबांतील स्त्रियांनी नव्या रीतीने नेसण्यास त्यांना साहाय्य केले आणि तेथून परतताना आपल्या स्त्रिया घोळदार, पायघोळ लुगड्यांत परतल्या. चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क न्यायालयात सिद्ध होण्यास १९३७ साल उजाडले. पदराचा हक्क त्यांनी एका रात्रीत बजावला. त्यासाठी दावा दाखल करावा लागला नाही.

गावात हे सोपे नव्हते आणि पुष्कळ ठिकाणी आजही नाही. कारण गावात माणूस कपड्यावरून ओळखायचा नसतो, तो आधीच ओळखलेला असतो. कपडा फक्त त्याने जागा सोडली की काय, हे तपासण्यासाठी पाहिला जातो. शहराचे तसे नाही. शहराच्या रस्त्यावर माणसे एकमेकांना अनोळखी असतात आणि अनोळखी माणसाचा अंदाज त्याच्या पेहरावावरूनच करावा लागतो. येथे कपडा बोलू लागतो, आणि त्याने काय बोलावे हे पुष्कळ अंशी घालणारा ठरवितो.

म्हणून शहरातील हक्कवंचितांनी कपड्याचा उपयोग नेहमीच अर्जासारखा केलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये सॅव्हिल रो या उंची शिंप्यांच्या रस्त्याने राजा सातवा एडवर्ड याच्या काळचा लांब डगला श्रीमंतांसाठी पुन्हा प्रचारात आणला. थोड्याच वर्षांत दक्षिण लंडनच्या कामकरी वस्त्यांतील पोरांनी तोच डगला अंगावर चढविला. त्यांना 'टेडी बॉय' हे नाव पडले आणि श्रीमंतांनी तो डगला मुकाट्याने सोडून दिला. खालच्याने उचलले की वरच्याने टाकायचे, ही रीत केवळ आपल्याच देशाची नाही.

लंडनने नाके मुरडली. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराने काठ्या उचलल्या. तेथील मेक्सिकन वंशाची तरुण मुले रुंद खांद्यांचा, गुडघ्यापर्यंत लांब डगला आणि वर घोळदार, घोट्याशी आवळलेली विजार घालीत. या पोशाखाला झूट सूट म्हणत. निग्रो आणि फिलिपिनो तरुणांतही तो लोकप्रिय होता. युद्धामुळे लोकरी कापडाच्या वापरावर सरकारी निर्बंध होते, तेव्हा एवढे कापड अंगावर मिरवणे हा देशद्रोह आहे, अशी ओरड वृत्तपत्रांनी केली. १९४३ च्या जूनमध्ये अनेक रात्री आरमारी खलाशी आणि सैनिक टोळ्या करून शहरात शिरले. चित्रपटगृहांतून, ट्रामगाड्यांतून त्यांनी या मुलांना ओढून काढले, मारले आणि रस्त्यात त्यांचे कपडे फाडून काढले. पोलिसांनी अटक कोणाला केली? मुख्यतः मार खाणाऱ्यांना. नगर परिषदेने त्यानंतर ठराव केला तोही मारणाऱ्यांच्या विरुद्ध नव्हे, तर झूट सूट घालण्याच्या विरुद्ध.

बंधूंनो, खलाशांना केवळ मारायचे असते तर त्यांनी कपडे का फाडले असते? त्या मुलाचा गुन्हा त्याच्या अंगात नव्हता, अंगावर होता. ही शिक्षा आपल्या ओळखीची आहे.

आफ्रिकेतील ब्राझाव्हिल हे शहर मात्र अशा माणसांना टाळ्या देते. काँगो नदीच्या काठी बाकोंगो नावाच्या त्याच्या वस्तीत 'सापूर' म्हणविणारे लोक आहेत. यांतील पुष्कळजण साधी मजुरी करणारे. परंतु सुटीच्या दिवशी उत्तम शिवलेला सूट, चकाकते बूट आणि हातात काठी घेऊन ते रस्त्याने चालतात आणि शेजारीपाजारी कौतुकाने पाहतात. एका वेळी तीनांहून अधिक रंग नकोत, असा त्यांचा दंडक आहे. फ्रेंच साहेबाच्या घरी नोकरी करणाऱ्या काळ्या माणसाने साहेबाचा सूट साहेबापेक्षा चांगला घालून दाखविला, तेथून ही परंपरा निघाली असे सांगतात. हे ऐकताना आपल्याला परळच्या चाळीत राहून बॅरिस्टर झालेल्या एका माणसाचा सूट आठवल्यावाचून राहणार नाही. परंतु सापूरांचे सर्वच मला मान्य नाही. त्यांतील काहीजण कित्येक महिन्यांची कमाई एका बुटाच्या जोडीवर घालतात. कर्ज काढून घेतलेला सूट सावकाराचा असतो. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत एकसारखे फेटे आणि शेरवान्या यांवर जी उधळपट्टी चालते, तिच्याविषयीही माझे हेच म्हणणे आहे. आणि मुलीच्या पुढील शिक्षणाचे शुल्क भरायचे राहून ती होत असेल तर अधिकच.

आता वडीलधाऱ्यांच्या साधेपणाविषयी. महात्मा गांधींनी १९२१ च्या सप्टेंबरात मदुराई येथे पंचा धारण केला. बाबासाहेबांनी सूट सोडला नाही. दोघेही विलायतेत शिकलेले बॅरिस्टर. मग हा फरक का? ज्याच्या पेटीत डगला आहे त्याने तो काढून ठेवला तर त्याला त्याग म्हणतात. ज्याला डगला घालण्याचीच मनाई होती, त्याने उघडे राहिल्यास त्याला कोणी त्यागी म्हणत नाही, त्याला त्याची जात म्हणतात. शिवाय ज्या मुंबईत बाबासाहेब वावरले, तेथील गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता. धोट्यातील कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने इतरांना विटाळ होईल ही सबब. वास्तविक विदर्भात जाडेभरडे कापड विणणे हा आपल्या लोकांचा जुना धंदा! ज्यांनी विणले त्यांनाच मागापासून दूर ठेवले, अशा शहरात तो सूट हा शौक नव्हता, ते म्हणणे होते. आज गावोगावच्या चौकात निळ्या सुटातील जी मूर्ती उभी आहे, ती हेच म्हणणे मांडीत आहे.

पण भगवंतांनी काय सांगितले, असे आपण विचाराल. भिक्खूंसाठी त्यांनी पांसुकूल चीवर सांगितले. उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या धुऊन, रंगवून, जोडून केलेले वस्त्र. पाहा, मनूने चांडाळावर लादले तेही प्रेताचेच वस्त्र होते! परंतु संघात ते शाक्य राजपुत्रांनी घातले आणि न्हावी उपालीनेही घातले. नव्हे, राजपुत्रांच्या विनंतीवरून उपालीला त्यांच्या आधी दीक्षा मिळाली. वस्त्र एकच, एके ठिकाणी सक्ती, दुसरीकडे निवड, आणि तीही सर्वांसाठी सारखी.

गृहस्थांना मात्र त्यांनी चिंध्या घालायला सांगितले नाही. महापरिनिब्बान सुत्तात वैशाली नगरीच्या लिच्छवी तरुणांचे वर्णन आहे. ते बुद्धाच्या भेटीस निघाले तेव्हा काहींनी निळी वस्त्रे व निळेच अलंकार घातले होते, काहींनी पिवळे, काहींनी तांबडे, काहींनी पांढरे. आजच्या भाषेत, आपापल्या टोळीचा एकरंगी थाट! तथागतांनी नाक मुरडले नाही. त्यांनी भिक्खूंना त्यांच्याकडे पाहावयास सांगितले आणि त्यांना देवगणांची उपमा दिली. मात्र त्याच लिच्छवींनी आदल्या क्षणी आम्रपालीचे भोजनाचे आमंत्रण आपल्याला विकत मागितले होते. ते तिने दिले नाही, आणि तथागतांनीही गणिकेला दिलेला शब्द या थाटापुढे मोडला नाही. थाटाचे कौतुक आणि थाटाला न वाकणे, दोन्ही एकाच प्रसंगात आहेत. दीक्षेच्या दिवशी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरास जमलेल्या लाखोंनी पांढरे परिधान केले. तो रंग गृहस्थ उपासकाचा म्हणून पाळी ग्रंथांतही आहे. पण तो विहाराचा आणि मंगल प्रसंगाचा. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीने बाराही महिने पांढरेच नेसावे असा नियम मला कोठे आढळला नाही.

आपल्या शहरांविषयी फारसे गोड बोलण्याचे कारण नाही. मुंबईत लोकलच्या डब्यात आपल्या मुलाचे बूट पाहून कोणी त्याची जात विचारणार नाही. परंतु तोच मुलगा भाड्याने खोली मागण्यास गेला की पहिला प्रश्न आडनावाचा. रस्ता कपडा वाचतो, दार आडनाव वाचते.

राहिला गावाचा प्रश्न. २०२३ साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि काळा चष्मा घातला म्हणून मारहाण झाल्याची फिर्याद नोंदली गेली. मुलाच्या आईची भीती निराधार नाही, आणि तिला भित्री म्हणण्याचा अधिकार शहरात बसून आपल्याला नाही. परंतु तिला हे ठाऊक असावे की कायदा मुलाच्या बाजूचा आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम ४ मध्ये दागिने व भपकेदार पेहराव वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अडथळा करणे हा गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंध अधिनियम, १९८९ यात २०१५ साली दुरुस्ती होऊन, सार्वजनिक जागी पादत्राणे वा नवे कपडे घालण्यास, सायकल वा मोटारसायकल चालविण्यास, वरातीत घोड्यावर बसण्यास अटकाव करणे कलम ३(१) खाली शिक्षापात्र झाले. जबरीने कपडे उतरविणे, मिशा काढणे हेही त्याच कलमात येते. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि दंड. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांच्या खटल्यात पोशाख हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचे म्हटले आहे.

धर्मांतरामुळे हे संरक्षण गेले काय, असे पुष्कळ नवदीक्षित विचारतात. गेले नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. मात्र जातीचा दाखला घरात तयार ठेवा. प्रसंग घडल्यावर तहसील कचेरीत खेटे घालू नका.

प्रसंग आलाच तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा. प्रथम खबर नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. लिहून घेतलेली खबर वाचून दाखविण्यास सांगा आणि तिची प्रत मागा. ती विनामूल्य मिळते. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याने करावयाचा नाही. शिवीगाळ झाली असेल तर नेमके शब्द, जातीच्या उल्लेखासह, जसेच्या तसे लिहवा. लाजून गाळू नका. आणि फाटलेला सदरा आईने धुऊ नये, शिवू नये, फेकूही नये. तो कागदी पिशवीत घालून पंचांसमक्ष पोलिसांच्या हवाली करावा आणि पंचनाम्यात त्याची नोंद झाली की नाही हे सही करण्यापूर्वी पाहावे.

जय भीम.