बॅटरीला खरा त्रास कशाचा?

आजचा विषय तुमच्या हातातच आहे. बरेच जण मला विचारतात, "फोन घेऊन दोनच वर्षं झालीत, आणि दुपारीच चार्जर शोधावा लागतो. असं का?"

आधी एक जुना समज बाजूला ठेवू. 'बॅटरी पूर्ण उतरू द्यायची, मगच चार्ज करायची' हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. आपल्या फोनमध्ये असते लिथियम-आयन. ती १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्यावर काम करणाऱ्या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हिला सारखं शून्यावर नेणं मानवत नाही.

"पण सारखं चार्जिंगला लावलं तर सायकल संपतात ना?" नाही हो! आज ५० टक्के वापरून भरली, उद्या पुन्हा ५० टक्के, तर दोन्ही मिळून एकच सायकल होते. त्यामुळे मधेमधे थोडं चार्ज करा, बिनधास्त.

खरा त्रास दोन गोष्टींचा. एक उष्णता, दुसरी १०० टक्क्यांवर तासन्‌तास राहणं. पूर्ण भरलेल्या बॅटरीत व्होल्टेज जास्त असतं. त्यात ती तापली, की आतलं थोडं थोडं लिथियम कायमचं अडकून बसतं. ते परत मिळत नाही.

आता डिलिव्हरी करणाऱ्या मित्रांचं बघा. मे महिना, नागपूरचं ऊन, फोन बाइकच्या हँडलवर, मॅप चालू आणि वर पॉवर बँक लावलेली. ज्या फोनवर रोजची कमाई, त्याचेच हाल! तुम्ही हे काम करत असाल तर चार्जिंग सावलीत थांबल्यावर करा, कव्हर काढून. रस्ता पाठ असेल तेव्हा फोन खिशात ठेवा.

बाकीच्यांनी एवढंच करा: सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर चालू करा. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली नको. चार्जिंग चालू असताना गेम नको. जुना फोन कपाटात ठेवायचा असेल तर निम्मा चार्ज करून ठेवा.

आणि हे मात्र गंभीरपणे ऐका. फोनची पाठ फुगलेली दिसली, स्क्रीन उचलली गेली, तर चार्जिंग लगेच बंद. दाबू नका, टोचू नका. आग लागू शकते. फोन बंद करून सरळ सर्व्हिस सेंटर गाठा.

बॅटरी म्हातारी होणारच, पण दोन वर्षांऐवजी चार वर्षं चालली तर नव्या फोनचा हप्ता तेवढा लांबतो. चला, भेटू पुढच्या भागात. तोवर फोन सावलीत ठेवा!