दोन भाषा जाणणारी लेक आणि परिविक्षा अधिकाऱ्याचं काम

आम्ही भोकरदन तालुक्यातल्या बचतगटांच्या बाया. आमच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की एक प्रश्न हमखास निघतो. लेक पदवीधर झाली, आता पुढं काय? पोलीस भरती, तलाठी, शिक्षिका, नर्स ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. आज आम्ही एक असं पद सांगणार आहोत, ज्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही. ते पद म्हणजे परिविक्षा अधिकारी.

नाव अवघड आहे, पण काम समजायला सोपं आहे. एखाद्याच्या हातून गुन्हा घडला, गुन्हा फार मोठा नाही, माणूस सुधारण्यासारखा आहे, तर त्याला तुरुंगात न टाकता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी राहू द्यायचं आणि त्याच्यावर देखरेख ठेवायची. या देखरेखीला म्हणतात परिविक्षा. त्यासाठी १९५८ साली देशाचा कायदा झाला. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. बाकी गुन्ह्यांत न्यायालय आरोपीकडून जास्तीत जास्त ३ वर्षांचं बंधपत्र घेऊन त्याला सोडू शकतं. वय २१ च्या आत असेल, तर न्यायालयाला आधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. तरीही कैदेची शिक्षा द्यायची असेल, तर तिची कारणं लिहून ठेवावी लागतात.

१८ वर्षांच्या आतल्या लेकरांसाठी वेगळा कायदा आहे, २०१५ चा बाल न्याय कायदा. त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर चालतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांत एक तरी बाई असावीच लागते. पोलिसांनी लेकराला पकडलं, तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत मंडळापुढं उभं करावं लागतं. आईबापांना कळवावं लागतं आणि परिविक्षा अधिकाऱ्यालाही कळवावं लागतं. मग त्या अधिकाऱ्याने मुलाच्या घरी, शाळेत, वस्तीवर जाऊन माहिती काढायची आणि १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल मंडळाला द्यायचा.

घरात कोण कोण आहे, कमावतं कोण, मूल शाळेत जातं का, शाळा सुटली तर का सुटली, संगत कुणाची, घरात दारू आहे का, मारहाण आहे का, हे सगळं त्या अहवालात येतं. मंडळाने मुलाचं घर पाहिलेलं नसतं. मंडळाला ते घर दिसतं ते या कागदातून. मुलाला समज देऊन सोडायचं, आईबापांच्या ताब्यात देखरेखीखाली ठेवायचं की विशेष गृहात पाठवायचं, हे ठरवताना हाच कागद मंडळापुढं असतो. म्हणून या नोकरीत सगळ्यात महत्त्वाचं काय, तर ऐकणं आणि जसं ऐकलं तसं लिहिणं.

आता भाषेकडे येऊ. आपल्या भागात एका बाजाराच्या दिवशी किती बोल्या कानावर पडतात बघा. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात उभं राहा, नाहीतर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जा. आपली मराठवाडी मराठी आहे, बुलढाण्याकडच्या बायांची वऱ्हाडी आहे, मुसलमान मोहल्ल्यातली दखनी आहे, तांड्यावरची बंजारा बोली आहे, पारधी वस्तीची आणखी वेगळी. कोर्टाचे शब्द तर चौथ्याच ठिकाणचे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, कोर्टकचेरीचा कारभार उर्दूत चालायचा. फिर्याद, जामीन, मुचलका, वकालतनामा हे शब्द फारसी-उर्दूकडूनच आपल्याकडे आलेत. पुढं राज्याचा कारभार मराठीत आला आणि १९९८ साली उच्च न्यायालयाखालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरली. उच्च न्यायालयाचं काम मात्र इंग्रजीत चालतं आणि कायद्याची बरीचशी पुस्तकंही इंग्रजीत आहेत.

म्हणजे घरची बोली एक, अहवालाची भाषा दुसरी आणि कायद्याची तिसरी. परिविक्षा अधिकाऱ्याला या तिन्हींच्या मधे उभं राहावं लागतं.

समजा, तांड्यावरचा १५ वर्षांचा मुलगा आहे. घरी कोण असतं, असं विचारल्यावर तो म्हणतो, "याडी." बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. ज्याला हे माहीत नाही, त्याच्या कानाला ते "येडी" ऐकू येईल. मग कागदावर "घरात एक वेडसर बाई" असं उमटलं, तर मंडळाला काय वाटेल? मुलाला सांभाळायला घरात कुणी धड नाही, असंच वाटेल.

दुसरं उदाहरण घ्या. दखनी बोलणारी आई सांगते, "परसों आया था." परसों म्हणजे गेलेला परवा की येणारा, हे पूर्ण वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही. बोलण्याच्या ओघात चार-आठ दिवसांपूर्वीची गोष्टही "परसों"च असते. अधिकाऱ्याने न विचारता तारीख टाकली आणि ती चोरीच्या रात्रीला जाऊन मिळाली, तर पोराचं काय होईल?

तिसरं उदाहरण तर घरोघरचं आहे. दसरा-दिवाळी झाली की किती कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जावंच लागतं. देखरेखीवर असलेला मुलगाही आईबापांसोबत जातो आणि तारखेला हजर राहत नाही. कागदावर त्याचा अर्थ "फरार" असाही होऊ शकतो. आईला "अधिकारक्षेत्र सोडून जाऊ नये" ही अट कुणी तिच्या भाषेत समजावूनच दिली नाही, तर ती बिचारी काय करणार? तिने अंगठा केला आणि ती कोयता घेऊन निघाली. जाणती अधिकारी आधीच विचारील, "माय, यंदा तोडीला जाणार का? कुठल्या कारखान्याला? परत कधी?" आणि ते अहवालात लिहील, म्हणजे मंडळाला आधीच परवानगीचा किंवा तिकडच्या देखरेखीचा विचार करता येईल.

मैत्रिणींनो, यात फार मोठी विद्या नाही. पण ही विद्या शहरात वाढलेल्या मुलीपेक्षा आपल्या लेकीकडे जास्त आहे. ती घरात एक बोली बोलते, शाळेत दुसरी. आजीचं बोलणं बाईंना आणि बाईंचं बोलणं आजीला ती लहानपणापासून समजावून सांगत आलीय. बँकेत, दवाखान्यात आपला अर्ज तीच भरते. या गुणाला आपण कधी गुण म्हटलं नाही, इतकंच.

आता वाट कशी आहे ते सांगतो. हे पद राज्याच्या महिला व बाल विकास विभागात आहे, गट क मध्ये. पुण्याच्या आयुक्तालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये २३६ जागांची जाहिरात काढली होती. त्यात ७२ जागा परिविक्षा अधिकाऱ्यांच्या होत्या आणि ५७ कनिष्ठ संरक्षण अधिकाऱ्यांच्या. संरक्षण अधिकारी म्हणजे घरातल्या छळाच्या २००५ च्या कायद्याखाली बाईला मदत करणाऱ्या. अशी जाहिरात दरवर्षी येतेच असं नाही, म्हणून तयारी आधीपासून करावी लागते. पदवी हवी. समाजकार्याची पदवी घेतलेलीला काम लवकर उमगतं. वय, आरक्षण, संगणकाचं प्रमाणपत्र यांच्या अटी ज्या त्या जाहिरातीतच वाचायच्या, ऐकीव माहितीवर जायचं नाही. गट क च्या सरळसेवा परीक्षांत बहुधा मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न असतात. याशिवाय जिल्हा बाल संरक्षण कक्षात कंत्राटी जागा निघतात. कायद्याची पदवी असणाऱ्यांना विधी तथा परिविक्षा अधिकाऱ्याची जागा तिथं असते. कंत्राटी नोकरी कायमची नसते, हे मात्र लेकीला आधीच स्पष्ट सांगा. परीक्षेचे पैसे मागणारा, "जागा करून देतो" म्हणणारा कुणी आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

घरी करता येईल असा एक अभ्यास आम्ही आमच्या लेकींना लावून दिलाय. आजीला एखादी जुनी हकिगत सांगायला लावायची. ती आपल्या बोलीत सांगेल. लेकीने त्याच्या प्रमाण मराठीत १० ओळी लिहायच्या, मग त्याच १० ओळी इंग्रजीत. नंतर ते मराठी आजीला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, "तू हेच म्हणालीस ना?" आजी म्हणाली, "असं नव्हतं गं," तर पुन्हा लिहायचं. दोन नियम पाळायचे. आजीचा एखादा खास शब्द असेल तर तो तसाच लिहून शेजारी अर्थ द्यायचा. आणि आजीने न सांगितलेलं आपल्या मनाने काही घालायचं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

हा दुसरा नियम नोकरीतही लागतो. दया आली म्हणून दारुड्या बापाला सज्जन लिहिता येत नाही. एखाद्या जमातीबद्दल गावात काय बोललं जातं, तेही लिहिता येत नाही. आणि नात्यातला माणूस घरी येऊन म्हणाला, "आपल्याच पोराचं आहे, जरा सांभाळून लिही," तर त्याला चहा द्यायचा, शब्द द्यायचा नाही. अहवाल गोपनीय असतो. लेकराचं नाव, गाव, शाळा कुठं छापायला किंवा सांगायला कायद्याने बंदी आहे. आपल्या गटालाही हे लागू आहे बरं का. अशा घराची चर्चा पाणवठ्यावर करायची नाही.

घरचे विचारतात, बाईमाणूस एकटी वस्त्यांवर कशी फिरणार? प्रश्न खोटा नाही. कामात फिरती आहे, एसटीची वेळ आहे, कधी अंधार पडतो. पण आपल्या आशाताई, अंगणवाडीताई, बँकसखी फिरतातच ना? गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. अंगणवाडीताई त्या समितीत असतात. परिविक्षा अधिकारी गावात आली की तिने त्यांना सोबत घ्यावं, गटाच्या अध्यक्षांनी तिला दोन घटका बसायला जागा द्यावी. गाव सोबत असलं की बाई एकटी राहत नाही.

आणि ज्या घरात अधिकारी येईल, त्या मायमाउलीलाही आमचं सांगणं आहे. अधिकारी दारात आली की पोराला मागच्या दारानं पळवू नका. ती पोलीस नाही. जे खरं आहे ते तुमच्या बोलीत सांगा, आणि "मी काय सांगितलं ते वाचून दाखवा" असं म्हणा. न कळलेल्या कागदावर अंगठा करू नका. वकील हवा असेल तर बायांना आणि लेकरांना तालुका विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो, आपल्याला भोकरदनच्या कोर्टातच विचारता येतं. लेकरू संकटात असेल तर १०९८ हा फोन आहे.

बोलता बोलता एक शब्द राहिला. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झालेत. त्यात ५,००० रुपयांच्या आतल्या पहिल्या चोरीत वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा करायला लावतात. म्हणजे कायदासुद्धा हळूहळू तुरुंगाऐवजी गावाकडे बघायला लागलाय. गावाकडे बघायचं तर गावाची भाषा कळणारं माणूस त्या खुर्चीवर पाहिजे.

ते माणूस आपल्या घरात अभ्यास करत बसलेलं असेल. तर येत्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या गावातल्या पदवीच्या वर्गात असलेल्या मुलींची नावं लिहून आणा. एखादीच्या फॉर्मचे पैसे कमी पडत असतील, तर गटातून कर्ज कसं देता येईल ते तिथंच ठरवू.