दहा नॅनोमीटरचा शेजार

श्रोतेहो, विषय मृत्यूचा असूनही मंडप भरलाय, याचं मला जरा नवलच वाटतंय. आज माणसाच्या नव्हे, पेशीच्या मरणाबद्दल बोलायचंय. गर्भात आपला हात आधी वल्ह्यासारखा असतो. बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, तेव्हा बोटं सुटी होतात. १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी या मरणाला 'अपॉप्टोसिस' म्हटलं. शब्द सुचवला ॲबर्डीनच्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी. अर्थ, पानगळ.

हे मरण कसं घडतं ते कळायला आता शाळेतलं पेशीचं चित्र आठवा. तंतुकणिका म्हणजे लांबट गोळ्या, आंतर्द्रव्यजालिका म्हणजे घड्या घातलेली चटई आणि मध्ये ऐसपैस मोकळी जागा. त्या चित्राने आपल्याला फसवलं. प्रत्यक्षात ही दोन अंगकं कित्येक ठिकाणी एकमेकांना खेटून असतात. मधली फट साधारण दहा ते तीस नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

या फटीने एक जुनं कोडं सोडवलं. तंतुकणिकेचं कॅल्शियमचं दार भारी आळशी. पेशीद्रवात एरवी जेवढं कॅल्शियम असतं, तेवढ्याने ते हलतही नाही. तरी जिवंत पेशीत कॅल्शियम झटकन आत जातं. कसं? १९९८ मध्ये रिझुतो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही शेजाराची करामत आहे. जालिका हा कॅल्शियमचा साठा. पाटाचं दार उघडलं की लगतचं वावर तुडुंब भरतं आणि लांबच्या वावरात पोचेपर्यंत पाणी जिरून जातं, हे तुमच्यातल्या शेतकऱ्यांना मी काय सांगावं! तसंच जालिकेच्या तोंडाशी क्षणभर कॅल्शियमचं डबकं साचतं आणि तंतुकणिकेचं दार नेमकं तिथेच असतं.

बेताचं कॅल्शियम मिळालं की तंतुकणिका जोमाने ऊर्जा तयार करते. लोंढा आला की फुगते, तिचं बाहेरचं आवरण फाटतं आणि सायटोक्रोम सी बाहेर सांडतं. हे प्रथिन आत असताना आपल्या श्वसनाचं काम करतं. बाहेर पडलं की तेच कास्पेजना जागं करतं, आणि कास्पेज पेशीतली प्रथिनं कातरू लागतात. १९९६ मध्ये शाओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेने हे दाखवलं, तेव्हा अनेकांचा विश्वास बसेना. पोटापाण्याला लावणाराच काळ निघाला!

मला सर्वांत गमतीची वाटते ती पुढची गोष्ट. सांडलेलं सायटोक्रोम सी उलट जालिकेकडे जातं, तिच्या कॅल्शियमच्या दाराला चिकटतं आणि ते मिटू देत नाही. आणखी कॅल्शियम, आणखी सायटोक्रोम. मग हे चक्र वाढवायला हुकूम कुणाचा? कुणाचाच नाही. म्हणून याला 'पेशीची आत्महत्या' म्हणणं मला पटत नाही. दोन शेजाऱ्यांचं बोलणं वाढत गेलं, इतकंच.

२००६ साली संशोधकांनी कृत्रिम दुवा घालून या शेजाऱ्यांमधली फट आणखी अरुंद केली. तंतुकणिका कॅल्शियमने लवकर तुंबू लागल्या. बीसीएल-२ हे प्रथिन नेमकं उलटं करतं: जालिकेवर बसून सोडलं जाणारं कॅल्शियम आवरतं. काही लिम्फोमांमध्ये, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगांमध्ये, ते प्रमाणाबाहेर बनतं, आणि ज्या पेशींनी केव्हाच गळून पडायला हवं होतं, त्या फांदीवर तशाच राहतात.