वाहणारा कान आणि त्याची निगा



‘कान फुटला’ हे शब्द आपल्या खेड्यापाड्यांत इतके रुळले आहेत की, त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. मूल मोठे झाले की कान आपोआप सुकेल, अशा समजुतीने वर्षानुवर्षे पू वाहू दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालानुसार जगात ६.५ ते ३३ कोटी लोकांचे कान वाहतात आणि त्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांच्या श्रवणशक्तीत लक्षणीय घट होते. वर्गात ‘ढ’ ठरलेल्या एखाद्या मुलाला शिकवलेले ऐकूच येत नसते, हे शिक्षकबंधूंनी ध्यानी घ्यावे.

सर्दी-पडशाचे जंतू घसा व मधला कान यांना जोडणाऱ्या नळीतून वर चढतात. तेथे साचलेल्या पुवाच्या दाबाने पडदा फाटतो. बहुधा तो भरून येतो. परंतु वारंवार असे घडल्यास भोक कायम राहते. मग नाकाकडून सर्दी आणि बाहेरून पाणी, अशा दोन्ही वाटा रोगाला मोकळ्या होतात.

अशा प्रत्येक कानावर शस्त्रक्रिया करावी लागते असे नाही. डॉक्टरांनी तपासून कान निर्धोक ठरविला असेल, तर तो कोरडा करणे हाच मुख्य उपचार होय. पुवाने भरलेल्या कानात टाकलेले थेंब रोगाच्या जागी पोचतच नाहीत. म्हणून स्वच्छ, मऊ सुती कापडाची वात वळून ती हलकेच कानात ठेवावी, भिजताच काढून टाकावी आणि कोरडी वात बाहेर येईपर्यंत नवनवी घालावी. त्यानंतर डॉक्टरांनी दिलेले सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे थेंब घालावेत. हे दिवसातून तीन वेळा, दोन आठवडे नेमाने करावे. काम कंटाळवाणे आहे, आणि बहुतेक घरांत ते चौथ्या दिवशी थांबते! जुन्या बाटलीतील थेंब मात्र वापरू नयेत. जेंटामायसिनसारखी काही औषधे पडद्याच्या भोकातून आत जाऊन आतल्या कानाला इजा करू शकतात.

कोमट तेल, लसणीचे तेल, पाल्याचा रस, काडी, केसांचा आकडा यांपैकी काहीही कानात जाता कामा नये. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानात बसवावा. विहिरीत पोहणे बंद ठेवावे. तान्ह्या बाळाला आडवे निजवून दूध पाजू नये.

मात्र पुवाला दुर्गंधी येत असेल, कानामागे सूज आली असेल, चक्कर येत असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा तापाबरोबर तीव्र डोकेदुखी असेल, तर घरी एक दिवसही दवडू नये. अशा कानात रोग हाड पोखरून मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि रोगी दगावतो. तेथे वात व थेंब पुरे पडत नाहीत; शस्त्रक्रिया टाळणे हेच धोक्याचे ठरते.

कान सुकल्यावरही भोक राहू शकते व ऐकणे कमी असू शकते. पडदा जोडावा की श्रवणयंत्र लावावे, हे तज्ज्ञ ठरवतील. तोवर त्या मुलाला पहिल्या बाकावर, चांगला कान शिक्षकाकडे येईल असे बसवावे. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील अशा मुलांची यादी करून ती प्राथमिक आरोग्य केंद्राकडे द्यावी, आणि हे काम पोहण्याचे दिवस सुरू होण्यापूर्वी उरकावे.