रकाना कोणता भरायचा?



दीक्षान्त समारंभाच्या पाहुण्याने विविधतेतील एकतेवर बोलायचे आणि टाळ्या घेऊन खाली बसायचे, असा आपल्याकडचा रिवाज. मी आज तुम्हाला जरा लांब, मॉरिशसला नेणार आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव आकाराचा हा देश. तिथल्या साडेबारा लाख लोकांत हिंदू, मुसलमान, चिनी, आफ्रिकी गुलामांचे वंशज, फ्रेंच मळेवाल्यांचे वंशज, सगळे आहेत. कोकणातून उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या आपल्या माणसांची पतवंडेही आहेत.

मोका गावी महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या त्या काळच्या नोंदवह्या जपल्या आहेत. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव. कारकुनाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले. कुणाच्या बापाचे नाव कायमचे आडनाव होऊन बसले, कुणाच्या गावाचे नाव ओळखू येणार नाही असे झाले. आज वंशज येऊन त्यातून आपले मूळ गाव हुडकतात. ही मंडळी घरात बहुधा क्रिओल बोलतात, कचेरीत इंग्रजी लिहितात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात. मुले शाळेत मराठी शिकतात आणि गणपतीपुढे झाकरीचा नाच रंगतो. गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते, चिनी नववर्षाला आणि ईदलाही असते. १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची सुट्टी, २ नोव्हेंबरला गिरमिटिये आल्याची. दोन्ही दुःखांना सरकारी पंचांगात जागा आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण त्याच देशाने एक रकानाही करून ठेवला. १९६८ साली स्वातंत्र्य मिळाले तेव्हा अल्पसंख्याकांना भीती होती की बहुसंख्य हिंदू आपल्याला गिळतील. स्वातंत्र्याच्या तोंडावर पोर्ट लुईत दंगलीही झाल्या होत्या. म्हणून संसदेत निवडून आलेल्या ६२ जणांखेरीज, पडलेल्यांपैकी ८ पर्यंत उमेदवार समाजांचा तोल साधण्यासाठी घ्यायचे ठरले. त्यासाठी प्रत्येक उमेदवाराने आपला समाज लिहून द्यायचा: हिंदू, मुसलमान, चिनी, आणि राहणीवरून या तिघांत न बसणारा तो ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. आपले मराठी, तसेच तमिळ आणि तेलुगू हिंदू, सगळे एकाच रकान्यात. जनगणनेत समाज विचारणे १९७२ नंतर बंद झाले, पण जागांचा हिशेब अजून त्याच जुन्या आकड्यांवर चालतो! आम्ही फक्त मॉरिशियन, असे म्हणणाऱ्या उमेदवारांनी दाद मागितली. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्यांच्या बाजूने कौल दिला. २०१४ च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली, पुढे पुन्हा तेच.

भीतीपोटी केलेली ही तजवीज १९६८ साली शहाणपणाची होती, असेच मी म्हणेन. देश फुटला नाही. पण अशा तजविजीला मुदत लागते. मुदत घातली नाही की माणसे तिच्याच चौकटीत विचार करू लागतात. १९९८ साली तिथल्या नव्या नोटांवर तमिळ मजकुराची जागा हिंदीच्या खाली गेली. तमिळ समाज खवळला आणि नोटा मागे घ्याव्या लागल्या. पुढच्याच वर्षी काया हा क्रिओल, म्हणजे आफ्रिकी गुलामांच्या वंशजांपैकी असलेला, लोकप्रिय गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि देश काही दिवस पेटला. सुट्ट्यांच्या यादीत सगळ्यांना मान होता. पोलीस चौकीत आणि नोकरीत तो तितकाच आहे असे क्रिओल तरुणांना वाटत नव्हते. माझ्या मते खरी मेख इथे आहे. वारसा जपायला सरकारने शाळा द्यावी, सुट्टी द्यावी, भाषेचा शिक्षक द्यावा. नागरिक म्हणून उभे राहताना मात्र कुणाचा नातू, हे विचारू नये.

आता आपल्याकडे या. (पालकांनी रागावू नये.) नव्या माणसाने नुसते नाव सांगितले की आपले समाधान होत नाही. आडनाव विचारतो, त्यावरून उलगडले नाही तर गाव विचारतो, तरी नाही तर ‘म्हणजे तुमच्यात लग्नं कुठं कुठं होतात?’ इथवर जातो. हा रकाना कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही, म्हणून तो रद्दही करता येत नाही. तो आपणच भरून घेतो.

तुमच्यातले काही जण बंगळूरला जातील, काही टोरोंटोला. तिथे गणपती जरूर बसवा, मुलांशी मराठीत बोला, पुरणपोळी करा. त्याने त्या गावाशी, त्या देशाशी तुमची निष्ठा तसूभर कमी होणार नाही. जे इथेच राहतील त्यांच्याकडे माझे एकच मागणे आहे. उद्या तुम्ही घरमालक व्हाल, कुणाला नोकरीवर घ्याल, सोसायटीचे चिटणीस व्हाल. समोरच्याला तेव्हा काम येते का आणि भाडे वेळेवर देणार का, एवढेच विचारा. आडनाव विचारू नका.