मुलासमोर कोण बसतं?



आजचा विषय कागदावर विद्यापीठाचा आहे: शैक्षणिक आणि विकासात्मक मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण. पण तो येऊन पोचतो आपल्याच घरातल्या मुलापाशी. ‘एल.डी.चं, म्हणजे अध्ययन अक्षमतेचं, सर्टिफिकेट कुठं मिळेल?’ असं शहरातले पालक आता मोकळेपणानं विचारतात, आणि ते चांगलंच आहे. मला त्याच्या अलीकडचा प्रश्न विचारायचा आहे. त्या मुलाची तपासणी करणारा माणूस तयार कसा होतो?

मराठी मुलखात या कामाची सुरुवात उशिरा झाली असं कुणी समजू नये. शाळेत मागं पडणारी मुलं ओळखता यावीत म्हणून बीने आणि सिमाँ यांनी 1905 साली पॅरिसमध्ये बुद्धिमापन चाचणी केली. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्यानं बेतली. ‘बीने-कामत’ या नावानं ती आजही वापरात आहे. मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेनं 1937 मध्ये बालमार्गदर्शन केंद्र काढलं. नागपुरात मालिन यांनी वेक्स्लरची मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली. पुण्यात 1962 साली आप्पा पेंडशांनी ज्ञानप्रबोधिनी सुरू केली ती मानसशास्त्राचाच आधार घेऊन. म्हणजे साधनं आपल्याकडे होती, दृष्टीही होती. ती साधनं हाताळणारी माणसं घडवण्याची व्यवस्था मात्र तितक्या नेटानं उभी राहिली नाही.

पुढं मागणी वाढत गेली. 1990 च्या दशकात महाराष्ट्रानं अध्ययन-अक्षम मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती द्यायला सुरुवात केली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत स्थान दिलं. हक्क मिळाला, आणि तपासणीसाठीच्या रांगा लांबल्या.

आता एम.ए.च्या वर्गात या. पियाजेचे बालविकासाचे टप्पे पाठ असतात, वायगॉट्स्कीवर उत्तम उत्तर लिहिता येतं. चाचण्यांचं प्रात्यक्षिकही होतं, पण पुष्कळदा वर्गातल्याच मैत्रिणीवर किंवा शेजारच्या हुशार मुलावर. खरी कसोटी लागते ती ज्याला काही येत नाही असं सगळे म्हणतात, त्या मुलासमोर बसल्यावर.

एक अगदी साधी चाचणी घ्या. तपासणारा काही अंक म्हणतो, मुलानं ते ऐकून त्याच क्रमानं परत म्हणायचे. अंक एका सेकंदाला एक, सारख्या लयीत म्हणायचे असतात. वाचताना वाटतं, यात काय शिकायचं? पण मूल अडखळू लागलं की शिकाऊ विद्यार्थ्याचा जीव कासावीस होतो. तो नकळत फोन नंबर सांगावा तसे अंकांचे गट पाडतो, आणि गट पडले की लक्षात ठेवणं सोपं होतं. उत्तर बरोबर आलं की त्याची मान हलते, चुकलं की भुवई वर जाते. वर्गात सतत चुकणारी मुलं मोठ्यांचे चेहरे वाचण्यात तरबेज असतात. भुवई दिसली की ते मूल पुढचं उत्तरच देत नाही. कागदावर शून्य पडतं. ते शून्य मुलाच्या स्मरणशक्तीचं नसतं, पण अहवालात तसंच नोंदवलं जातं.

ही चूक करणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. कोपऱ्यात कुणी अनुभवी माणूस बसलेला असेल तर त्याला दिसते, आणि मूल गेल्यावर तो ती दाखवून देतो. याला आम्ही सुपरव्हिजन, म्हणजे देखरेख, म्हणतो. माझ्या मते या शिक्षणाचा गाभा हाच आहे.

भाषेचंही तेच. विदर्भातलं एखादं मूल ‘पाणी’ला ‘पानी’ वाचतं, कारण घरी तसंच बोलतात. ती चूक म्हणून मोजायची का? ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. इथं लहानपणी बरीच मुलं अडखळतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लतही होते. यातलं वयानुसार जाणारं किती, बोलीचं किती, आणि उपचारात्मक अध्यापनाची गरज सांगणारं किती, हे इंग्रजी पाठ्यपुस्तक सांगणार नाही, कारण त्यातलं मूल वेगळ्या लिपीत चुकतं. त्यासाठी मराठी वाचणारी पुष्कळ मुलं जवळ बसून ऐकावी लागतात.

ही देखरेख इतरत्र कशी होते ते पाहा. ऑस्ट्रेलियात शैक्षणिक आणि विकासात्मक मानसशास्त्र हे स्वतंत्र कार्यक्षेत्र मानलं जातं. पदव्युत्तर शिक्षणात देखरेखीखाली काम करावं लागतं, आणि ते क्षेत्र नावापुढं लावायचं तर त्यानंतरही. इंग्लंडमध्ये शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी तीन वर्षांची डॉक्टरेट आहे आणि तिचा मोठा भाग शाळांमधल्या प्रत्यक्ष कामात जातो. आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेनं चालत आलेलं चिकित्सा मानसशास्त्राचं एम.फिल. असंच देखरेखीचं होतं, पण त्याचा मुक्काम मुख्यतः रुग्णालयात. शाळेचा वर्ग, शिक्षकांची खोली, मधल्या सुट्टीतलं मैदान या जागा त्यात कमीच. मूल मात्र दिवसाचा मोठा वेळ तिथंच असतं.

2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं आरोग्यसेवेत मोडणारे मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरशिक्षणातून आणि ऑनलाइन चालवायला मनाई केली. मला निर्णय पटतो, कारण अशी देखरेख दुरून होत नाही. पण नोकरी-संसार सांभाळून तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या बाईंचा रस्ता त्यानं बंद झाला, हेही खरं आहे. अशाच बायकांना त्या भागातली बोली आणि मुलं ठाऊक असतात. त्यांच्यासाठी जवळपास प्रत्यक्ष शिक्षणाची सोय करायलाच हवी.

करता येण्यासारखं एक सांगतो. जिल्ह्याच्या पातळीवर ‘डाएट’, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आहेत. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांना विद्यापीठांनी तिथं एक सत्र पाठवावं. शिक्षकांबरोबर राहू द्यावं, तपासण्या अनुभवी माणसाच्या नजरेखाली करू द्याव्यात आणि प्रत्येक अहवाल आधी मराठीत, पालकांना वाचता येईल असा लिहून घ्यावा. देखरेख करणाऱ्याला मानधन मिळावं आणि त्याचे तास अध्यापनाच्या कामात धरले जावेत. हे झालं नाही, तर ती जबाबदारी कुणीही मनापासून घेणार नाही.

आणि इथं बसलेल्या, यंदा प्रवेश घेणाऱ्या मुला-मुलींनो, माहितीपत्रकात इमारतीचा फोटो पाहू नका. विभागात जा आणि विचारा: मी मुलासमोर बसेन तेव्हा मला पाहायला कोण असेल? मी मराठीत किती तपासण्या करीन? माझा पहिला अहवाल कोण वाचेल, आणि तो दुरुस्त करून माझ्याकडे परत येईल का?