बर्डीतून जाताना
(विहाराच्या वर्धापनदिनी जाम येथे केलेले भाषण)



कागदावर सीताबर्डी, आपल्या तोंडी बर्डी. दसऱ्याला आपण नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, परतताना बर्डीत लुगडे, चपला, पोरांची पुस्तके घेतो अन् एसटी पकडतो. आम्हीही तीस वर्षे हेच केले. मागच्या साली पोरगा म्हणाला, "बाबा, घाई कावून करता? पायी फिरू."

टेकडीवरचा किल्ला खालूनच पाहिला. तिथे १८१७ साली भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली. तिथून गांधीसागराकडे गेलो. १८७७ साली जमशेटजी टाटांनी काढलेली एम्प्रेस मिल इथलीच. आम्ही रिंग खात्यातले कामगार; ज्या रिंगफ्रेमवर आमचे आयुष्य गेले, ती या देशात आधी वापरणाऱ्यांत ही मिल होती. २००२ साली ती बंद झाली. आता तिथे मॉल आहे. आत गेलो, पण जास्त वेळ थांबवले नाही.

परत बर्डीत आलो अन् पोराला श्याम हॉटेलची गोष्ट सांगितली. ११ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब नागपूरला आले, ते या हॉटेलात उतरले. १३ तारखेला पत्रकारांशी इथेच बोलले. १४ च्या सकाळी पांढरे रेशमी धोतर, पांढरा कोट घालून इथूनच दीक्षेला निघाले. पोरगा म्हणाला, "हे आधी कधी सांगितलं नाही तुम्ही." आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्याच रस्त्यावर त्याला किती वेळा बोट धरून नेले होते, बाप्पा!

मग कस्तुरचंद पार्क. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांतली माणसे, हातात मेणबत्त्या, वस्त्यावस्त्यांतून चालत इथे जमली. स्टेज नव्हते. जो बोलायला उभा राहायचा, त्याला रडू कोसळायचे. त्या दिवशी नागपुरात आलेले इंग्रज भिक्षू संघरक्षित सायकलरिक्षाच्या सीटवर उभे राहून बोलले. बाबासाहेब गेले, पण त्यांचे काम आपण चालवायचे, असा धीर त्यांनी दिला.

पोरगा विचारत होता, "रिक्षा कोणत्या बाजूला होती?" मैदानात पोट्टे क्रिकेट खेळत होते. आम्ही दोघे कडेला चपला काढून बसलो. खरेदी राहूनच गेली. अंधार पडायच्या आत हिंगणघाटची गाडी धरली.

जयभीम.